कलम चौदा

डॉक्टर शशिधर मोडकांना इंग्लंडात येऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात एकाही गोऱ्या माणसानं त्यांना आपल्या घराची किल्ली दिली नव्हती. त्यामुळे १९८९च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी, वॉर्डाचा राउंड संपल्यावर, डॉ. व्हिटकमनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा मोडक 'थँक यू' म्हणाले, सरळ स्टाफच्या टॉयलेटमध्ये गेले, दाराला कडी लावली आणि पाच मिनिटं त्या किल्लीकडे नुसते बघत उभे राहिले.

"शशी, तू दमलेला दिसतोस," व्हिटकम म्हणाले होते. "शाळांच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आमचं वेल्समधलं कॉटेज रिकामं आहे. कॉन्वीला. फॅमिलीला घेऊन जा. समुद्र आहे, किल्ला आहे. इंटरव्ह्यूच्या आधी डोकं जरा मोकळं होईल."

या इंटरव्ह्यूबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण सगळी रड तिथूनच आहे. मोडक होते म्हातारपणाच्या आजारांच्या विभागात. त्या काळी हृदय, मेंदू वगैरे मानाचे अवयव इथल्या मुलांनी आपापसांत वाटून घेतले होते, आणि साहेबांच्या आईबापांचे गुडघे, खोकले आणि विसरभोळेपणा आपल्या लोकांच्या वाट्याला आले होते. अकरा वर्षं मोडक तिथं राबत होते. गेले चौदा महिने एका कन्सल्टंटची, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरची, जागा रिकामी होती आणि तिचं सगळं काम मोडक करत होते, फक्त लेटरहेडवर नाव यायचं नाही. याआधी दोनदा ते अशाच दुसऱ्या जागेच्या इंटरव्ह्यूला बसले होते आणि दोनदा व्हिटकमनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की या वेळी उमेदवार फारच तगडे होते. आता तिसरी खेप होती. मोडक अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, चौथी खेप नसते हे त्यांना न सांगताही कळत होतं.

घरी बायकोनं, प्रमोदिनीनं, किल्ली हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"अहो, म्हणजे झालं का तुमचं?"

"झालं असं कसं म्हणू? पण बघ ना. अकरा वर्षांत चहाला बोलावलं नाही, आणि आता थेट घराची किल्ली."

त्यांचा मित्र नंदू ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्यात सल्ला द्यायचा असेल तर तो पन्नास मैल गाडी चालवून यायचा. शनिवारी तो बायकोला, रेखाला, घेऊन क्रॉयडनला मोडकांच्या घरी हजर झाला. "शशी, लिहून घे माझ्याकडून, किल्ली दिली म्हणजे पोस्ट दिली," तो सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाला. "ही लोकं तोंडानं बोलत नाहीत. पण लक्षात ठेव, ही टेस्ट आहे. तू गेल्यावर त्याची बायको घरात शिरणार आणि पहिल्यांदा नाकानं श्वास घेणार."

"आणि सेल्फ-केटरिंग म्हणजे नक्की काय काय न्यायचं?" प्रमोदिनीनं विचारलं.

"वहिनी, सेल्फ-केटरिंग म्हणजे आपलं घर उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं, आठवडाभर तिथं भांडी घासायची आणि परत उचलून आणायचं. ह्याला ही लोकं हॉलिडे म्हणतात."

रेखानं मग आपल्या पहिल्या घरमालकिणीची गोष्ट सांगितली. तिनं म्हणे यांनी सोडलेल्या खोलीचा वॉलपेपर खरवडून काढला होता, नुसत्या लसणीपायी. गोष्ट ऐकून प्रमोदिनीचा चेहरा उतरला. तो आणखी उतरला सोमवारी, मिसेस व्हिटकमचं पाकीट आल्यावर. आत चार टाइप केलेली पानं होती, वर 'हाउस नोट्स' असं लिहिलेलं आणि खाली एकतीस कलमं.

मोडकांना सूचनांचा राग नव्हता. त्यांचं बालपण नारायण पेठेत गेलं होतं, जिथं दारावरच्या घंटीखालीही चार ओळींची पाटी असायची. सूचना लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आतून आदरच वाटायचा. त्यांनी पेन घेऊन एकतीस कलमं वाचली, महत्त्वाच्या ठिकाणी खुणा केल्या आणि कलम चौदाशी थांबले. 'उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत ही नम्र विनंती. पडद्यांना वास धरतो.'

"उग्र म्हणजे काय? मासे?" प्रमोदिनी म्हणाली.

"मासे चालत असणार. कलम पंधरामध्ये माशांची सुरी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते दिलंय."

"मग उग्र म्हणजे आपण."

त्या रात्री जेवताना सामानाची यादी ठरली आणि तीतून एकेक जिन्नस बाद होत गेला. लसूण गेली, कांद्याला फक्त कच्चा असण्याच्या अटीवर परवानगी मिळाली, गोडा मसाला गेला. हिंगावर मात्र प्रमोदिनी अडून बसली. वापरणार नाही, पण बरोबर असावा, हिंगाशिवाय घर सोडून कधी बाहेर पडलेली नाही असं ती म्हणाली. शेवटी हिंगाची डबी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, त्या बिस्किटांच्या डब्यात आणि तो डबा उशीच्या अभ्र्यात, असा बंदोबस्त होऊन गाडीच्या डिकीत गेली. नंदूनं कॅम्पिंगचा एक छोटा स्टोव्हही दिला, 'असावा जवळ' म्हणून.

त्यांची मुलगी उल्का सोळा वर्षांची होती. ती मागच्या सीटवर प्रेशर कुकर आणि रजयांच्या मध्ये कानांत वॉकमन घालून बसली आणि क्रॉयडन ते कॉन्वी साडेआठ तासांत तीनदा बोलली. तिन्ही वेळा तिनं 'अजून किती?' एवढंच विचारलं. पाऊस बर्मिंगहॅमपासून जो लागला तो लागलाच. कॉन्वीत नदीखालून बोगदा खणायचं काम चालू होतं, तोवर सगळ्या वेल्सची वाहतूक त्या तटबंदीच्या गावातून, एकेका लॉरीच्या मापाच्या वेशींमधून, मुंगीच्या गतीनं सरकत होती. किल्ला समोर दिसल्यापासून कॉटेजपाशी पोचायला पाऊण तास लागला.

कॉटेजच्या दारात मोडकांचं कपाळ पहिल्यांदा चौकटीला आपटलं. त्या आठवड्यात एकंदर अकरा वेळा आपटलं. कॉटेज चौदाव्या शतकातलं, आणि त्या काळची माणसं साडेपाच फुटांपलीकडे वाढत नसावीत, किंवा वाढली तरी व्हिटकमांची परवानगी काढून वाढत असावीत. शेजारच्या मिसेस पॅरी कॉटेजची देखरेख करायच्या. साठीच्या, बुटक्या, चौकटीला न आपटणाऱ्या. त्या सामानाची यादी घेऊन आल्या. मोडकांनी त्यांना बसवलं आणि यादीप्रमाणे एकूण एक वस्तू तपासायला घेतली. काटे बारा, बरोबर. चहाचे चमचे अकरा, बरोबर. अंडी ठेवायचे कप सहा.

"हे सात आहेत," मोडक म्हणाले.

"बरंच झालं की. एक जास्त," मिसेस पॅरी म्हणाल्या.

"पण यादीत सहा आहेत. मी सही सहावर करायची आणि ताब्यात सात घ्यायचे? उद्या आम्ही गेल्यावर सातच निघाले तर यादी खोटी, आणि सहाच निघाले तर सातवा गेला कुठं?"

मिसेस पॅरींनी सातवा कप उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला. "आता सही करा," त्या म्हणाल्या. मोडकांना हे बेकायदेशीर वाटलं, पण ते दमले होते. जाताना मिसेस पॅरींनी दारात वळून विचारलं, "तुम्ही आत्ता आपसांत बोलत होता ती कुठली भाषा? छान वाटलं ऐकायला. आम्ही पण घरात आमचीच, वेल्श बोलतो. डॉक्टर व्हिटकम वीस वर्षं इथं येतायत, त्यांना अजून आमच्या भाषेत गुड मॉर्निंग म्हणता येत नाही." आणि तटबंदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे सगळं इंग्लिश राजानं आमच्यासाठी बांधलं. म्हणजे आम्हाला बाहेर ठेवण्यासाठी. माझ्या माणसांना या भिंतींच्या आत घर घ्यायची बंदी होती." त्या हसल्या. मोडकही सभ्यपणे हसले, पण साहेबांच्या घरात बसून साहेबांची निंदा ऐकणं त्यांना बरं वाटलं नाही आणि त्यांनी दार लवकर लावून घेतलं.

सुट्टी सुरू झाली. रविवारी त्यांनी उकडलेले बटाटे आणि पाव खाल्ला. सोमवारी उकडलेले बटाटे कुस्करून पाव खाल्ला. मंगळवारी बंदरावर जाऊन भर पावसात बाकावर फिश अँड चिप्स खायला घेतले, कारण घरात आणले तर पडद्यांना वास धरेल, आणि मोडकांच्या हातातला माशाचा तुकडा एका सीगलनं इतक्या सफाईनं नेला की ते काही क्षण रिकाम्या बोटांकडेच बघत राहिले. तिथंच देशातलं सगळ्यांत लहान म्हणून मिरवणारं घर होतं, त्याचं दर्शन बाहेरूनच झालं, ते सीझन संपला म्हणून बंद होतं. किल्ल्यात उल्का एका बुरुजावर जाऊन बसली ती दीड तास खाली आली नाही. बाकी वेळ प्रमोदिनी घासत होती. आपण काही बिघडवलं नाही ना, एवढ्यानं तिचं समाधान होत नव्हतं. मिसेस व्हिटकमनं म्हणायला हवं होतं की ह्या लोकांनी घर आमच्यापेक्षा चांगलं ठेवलं. तिनं कपाटांच्या वरची धूळ काढली. खिडक्यांच्या खाचा टूथब्रशनं साफ केल्या. ती नोकरीला होती त्या क्रॉयडनच्या लायब्ररीतून तिनं वर्षातली शेवटची पाच दिवसांची रजा काढली होती, ती अशी गेली.

बुधवारी दुपारी तिनं साधं वरण केलं. तूर शिजवलेली, मीठ, हळद, बस. मोडकांनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. हे वरण ते रोज दुपारी बारा वाजता वॉर्डात बघत होते, फक्त तिथं त्याला सूप म्हणायचे आणि ते दात नसलेल्या माणसांना द्यायचे.

"प्रमोदिनी," ते हळूच म्हणाले, "मागच्या अंगणात पडदे नाहीत."

"म्हणजे?"

"कलम चौदा नीट वाच. कारण दिलंय. पडद्यांना वास धरतो. म्हणजे बंदी आहे ती पडदे असलेल्या जागेपुरती. अंगण त्या कलमात येतच नाही."

नारायण पेठेतला माणूस नियम मोडत नाही, तो नियमाची व्याप्ती बघतो. प्रमोदिनीनं पुढचं ऐकूनही घेतलं नाही. ती डिकीकडे धावली. पाच मिनिटांत नंदूचा स्टोव्ह अंगणातल्या फरशीवर पेटला, उल्का त्यावर छत्री धरून उभी राहिली, मोडक वाऱ्याच्या बाजूला रेनकोट पसरून उभे राहिले आणि मधे प्रमोदिनी उकिडवी बसून कढल्यात तेल तापवू लागली. मोहरी तडतडली, जिरं पडलं. चार दिवसांचा उपास, साडेआठ तासांचा प्रवास आणि सव्वीस घासलेल्या खाचा, सगळं तिच्या हातात आलं आणि हिंग घालताना हात सैल सुटला. चिमूटभर घालायचा तो चमचाभर पडला. आहाहा! मोडकांनी डोळेच मिटले. उल्कानंसुद्धा वॉकमन काढला.

नदीवरून वारा आला आणि तो वास भिंतीवरून पलीकडे घेऊन गेला.

पलीकडे मिस्टर हॅलम राहायचे. बर्मिंगहॅमहून रिटायर होऊन आलेले आणि गल्लीवर काहीतरी आपत्ती कोसळावी म्हणून सात वर्षं वाट बघत असलेले. त्यांनी तो वास गॅसच्या गळतीचा ठरवून कंपनीला फोन केला. इकडे भात शिजून वरण-भाताचा दुसरा घास तोंडात असताना मोडकांच्या दारावर धाडधाड वाजलं. बाहेर पिवळ्या जॅकेटातला गॅस कंपनीचा माणूस उभा होता. "सर, लगेच बाहेर या. गळती आहे. दिवे लावू नका, बंद करू नका, कशाला हात लावू नका."

मोडकांनी तरी हात लावलाच. वरणाचं पातेलं न्हाणीघरात, कढलं आणि स्टोव्ह उपड्या बादलीखाली, डबी प्रमोदिनीच्या कोटात, अशी व्यवस्था लावून मोडक कुटुंब बाहेर आलं. नऊ घरांची गल्ली पावसात उभी होती. कोणी चपलांत, कोणी केसांना रोलर लावलेलं, एक म्हातारी खुर्चीसकट आणलेली. मोडकांनी सवयीनं म्हातारीवर छत्री धरली आणि तिची नाडी बघितली. नाडी ठीक होती, स्वतःची बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

गॅसवाला यंत्र घेऊन अर्धा तास फिरला आणि डोकं खाजवत परत आला. "यंत्रात काही येत नाही. वास नक्की कोणाला आला?"

"मला!" मिस्टर हॅलम म्हणाले. "स्पष्ट! भयंकर!"

गॅसवाल्याचा मिस्टर हॅलमवर विश्वास बसला नाही हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं मिसेस पॅरींकडे पाहिलं, त्या आपल्या बुटांकडे बघत होत्या. मग त्यानं म्हातारीची नाडी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात ना? घर तुमच्याकडे आहे. तुम्हाला वास आला?"

मोडकांच्या मनात त्या क्षणी काय काय आलं ते सांगायलाच हवं. वास आला नाही म्हणावं तर हॅलम पुन्हा विचारणार, मग काय होतं? गॅस नसेल तर काहीतरी दुसरं होतं. दुसरं काय, हे शोधायला फार हुशार माणूस लागत नाही. नऊ घरांच्या गल्लीत फोडणी देणारं घर एकच होतं. तिथून क्रॉयडनला फोन एक, मिसेस व्हिटकमचं नाक एक आणि चौदा महिने केलेलं काम एका चमचाभर हिंगापायी मातीत. गॅस असलेला बरा.

"हो," मोडक ठामपणे म्हणाले. "आला. गॅसच. शंका नको."

गॅसवाल्यानं मान डोलावली. डॉक्टर म्हणतात म्हटल्यावर प्रश्न संपला. त्यानं शेगडीचं कनेक्शन तोडलं, पाणी तापवायच्या बॉयलरचं तोडलं आणि दोन्हींवर लाल लेबलं चिकटवली. 'धोकादायक. वापरू नये.'

चौकातल्या फोन बॉक्समधून मोडकांनी व्हिटकमना कळवलं. फोन ठेवून आले ते उजळ चेहऱ्यानं. "अगं, ते काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, शशी, तू तिथं होतास म्हणून, नाहीतर काय झालं असतं! इंटरव्ह्यूच्या कमिटीला सांगणार म्हणाले."

उल्का जिन्यावर बसून ऐकत होती. इंग्लंडात वाढलेल्या तिच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी असायचं. "बाबा, पण तुम्ही खोटा बोललात. तो गॅस नव्हता. तो हिंग होता."

"तुला कळत नाही अजून."

"मला कळतो. मी छत्री धरला होता."

पुढचे दोन दिवस पाव, बटर आणि गार पाणी. प्रमोदिनीनं गार पाण्यानं घासणं चालू ठेवलं. तिच्या बोटांना भेगा पडल्या, तेव्हा मोडक म्हणाले, "थोडंच राहिलंय. दोन आठवड्यांत सगळं वसूल होईल." आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मिसेस पॅरी तव्यावर भाजलेले गरम वेल्श केक घेऊन आल्या, मनुका घातलेले, जाडसर पुरीएवढे. गार पाण्याच्या घरात ते गरम केक बघून प्रमोदिनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. मिसेस पॅरी खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, एक विचारू? गॅसला जिऱ्याचा वास कधीपासून यायला लागला?"

मोडकांच्या हातातला केक हातातच राहिला.

"घाबरू नका. मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वीस वर्षं मी यांच्या पडद्यांचे वास घेतेय. कुत्र्यांचे, सिगारचे. त्यांच्यावर कलम नाही." त्या उठल्या आणि खिडकीतलं एक जाड रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. "ही पाहुण्यांची वही. जाण्याआधी दोन ओळी लिहा. मिसेस व्हिटकम प्रत्येक ओळ वाचतात."

प्रत्येक ओळ वाचतात म्हटल्यावर मोडकांनी आधी कच्चा मसुदा करायचं ठरवलं. लोक किती लिहितात, कितपत स्तुती करतात, याचा अंदाज घ्यायला हवा म्हणून त्यांनी मागची पानं उलटली. सगळीकडे लव्हली, लव्हली आणि लव्हली. मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं पान आलं. निळ्या शाईतलं मोकळं, बेफिकीर अक्षर. मोडकांनी ते एकदा वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं.

'अप्रतिम आठवडा! हवा स्वर्गीय, सीगल चोर. डेव्हिड आणि मार्गारेट, किती आभार मानू. जानेवारीपासून तुझ्या विभागात कन्सल्टंट म्हणून रुजू व्हायची वाट बघतोय, डेव्हिड. आमच्या येणाऱ्या बाळासाठी क्रॉयडनजवळ घरही बघून झालं. ज्युलियन आणि सुझन फेन.'

डेव्हिड म्हणजे व्हिटकम. आणि त्या जागेची जाहिरात डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आली होती सप्टेंबरच्या मध्यावर. मोडकांनी ती कापून फ्रिजवर लावली होती, तारीख त्यांना पाठ होती.

प्रमोदिनी चुलीच्या कोनाड्यातल्या फरशा घासत गुडघ्यांवर बसली होती. मोडकांनी वही तिच्यासमोर धरली. तिनं हात एप्रनला पुसले आणि वाचलं.

"हा फेन कोण?"

"माझा साहेब. जानेवारीपासून."

"अहो, पण अर्ज तर तुम्ही... इंटरव्ह्यू तर अजून..." ती थांबली. मग फार शांतपणे म्हणाली, "मग मी हा आठवडाभर घासतेय ते कोणासाठी?"

मोडकांना रडू येत होतं आणि व्हिटकमांच्या आरामखुर्चीत बसून रडायची लाज वाटत होती. किल्ली का दिली ते आता लख्ख कळलं होतं. कुत्र्याला सुई टोचण्यापूर्वी बिस्किट देतात तेवढंच तिचं मोल होतं, आणि आपण ती टॉयलेटमध्ये नेऊन पाच मिनिटं बघत बसलो होतो. प्रमोदिनीनं ब्रश परत उचलला. तीन फरशा राहिल्या होत्या. अर्धवट टाकणं तिला जमण्यासारखं नव्हतं, तिनं त्या तिन्ही घासून पुसून कोरड्या केल्या.

अर्ध्या तासानं मोडक टेबलाशी बसले आणि त्यांनी आपल्या सुंदर, टपोऱ्या अक्षरात लिहिलं. मसुदा करायची गरज पडली नाही. उल्का बॅगा उतरवता उतरवता त्यांच्या खांद्यामागे थांबली आणि तिनं वाचलं. 'एक अविस्मरणीय आठवडा. घर परिपूर्ण, सूचना अत्यंत उपयुक्त. डॉ. आणि मिसेस व्हिटकम यांच्या औदार्याचे आम्ही कायम ऋणी राहू. मोडक कुटुंब.'

"बाबा, तुम्हाला सगळा कळला ना? तरी असा लिहिला?"

"रेफरन्स लागतो, उल्का. पुढच्या अर्जाला त्यांचाच लागतो."

"पुढचा अर्ज कुठे आहे?"

मोडकांनी पेनला टोपण लावलं आणि ते गाडीत सामान भरायला गेले. जाताना अकराव्यांदा कपाळ आपटलं.

इंटरव्ह्यूला ते गेले. न जाण्याचा एक मान असतो, पण तो परवडायला हातात दुसरं काहीतरी लागतं. कमिटीसमोर व्हिटकमनी सुरुवातच केली, "हेच ते शशी, ज्यांनी अख्खी गल्ली वाचवली." सगळे मनमोकळे हसले. मग त्यांनी चार प्रश्न विचारले, चारही सोपे, आणि सोपे प्रश्न कोणाला विचारतात ते मोडकांना माहीत होतं. संध्याकाळी व्हिटकमनी खांद्यावर हात ठेवला. या वेळी उमेदवार फारच तगडे होते.

जानेवारीत ज्युलियन फेन आला. चौतीस वर्षांचा, उंच, हसरा. दुष्ट असता तर मोडकांना सोपं गेलं असतं, पण मेला चांगला निघाला. वॉर्डात म्हाताऱ्यांच्या पलंगाशी खाली वाकून बोलायचा, मोडकांना 'डॉक्टर मोडक' म्हणायचा आणि उच्चार बरोबर करायचा. पहिले पंधरा दिवस त्याला विभाग दाखवायचं काम व्हिटकमनी मोडकांवरच सोपवलं, कारण कुठं काय असतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

दरम्यान कॉन्वीला उत्खनन चालू होतं. गॅस कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली आणि त्यांना गळती सापडेना, आणि सापडत नाही म्हणजे ती खोल असणार असं मिसेस व्हिटकमच्या मनानं घेतलं. स्वयंपाकघरातल्या फरशा उखडल्या गेल्या, प्रमोदिनीनं कोरड्या केलेल्या त्यासुद्धा. अंगण कंबरेइतकं खणून झालं. दर आठवड्याला व्हिटकम कॉरिडॉरमध्ये मोडकांना गाठून विचारायचे, "शशी, तुझी खात्री आहे ना?" आणि दर आठवड्याला मोडक क्षणभर विचार केल्यासारखं करून सांगायचे की आहे. मिसेस व्हिटकम आता त्या घरात एक रात्र झोपायला तयार नव्हती.

फेब्रुवारीत एका दुपारी फेननं मोडकांना ऑफिसात बोलावलं. त्याच ऑफिसात, जिथं मोडकांनी वर्षाहून जास्त काम केलं होतं. टेबलावर तीन आठवड्यांच्या बाळाचा फोटो होता.

"डॉक्टर मोडक, एक खाजगी विचारायचंय. डेव्हिड आम्हाला ईस्टरला कॉटेज देतोय. म्हणतो, इंजिनिअरांना काही सापडलं नाही, सगळं ठीक आहे. पण सुझन घाबरतेय, बाळ आहे ना. तुम्ही स्वतः तिथं होतात. तुमचं प्रामाणिक मत काय?"

मोडकांनी फोटोकडे पाहिलं. बाळ गोड होतं, त्याचा काही दोष नव्हता. खरं सांगायला एक शब्द पुरला असता आणि तो त्यांच्या जिभेवर आलाही होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझं मत विचाराल तर जाऊ नका," ते म्हणाले. "वास मी स्वतः घेतलाय. त्यात शंका नाही."

"बस, मग प्रश्नच मिटला," फेन म्हणाला आणि त्यानं डायरीतल्या ईस्टरवर रेघ मारली. "इंजिनिअर काहीही म्हणोत."

बाहेर येऊन मोडक वॉर्डाकडे चालू लागले. अकरा वर्षांत त्या विभागानं त्यांचं निदान दुसऱ्या कोणालाही न विचारता मान्य केलं होतं, ते हे पहिलंच.